जित्या तोंडातलं सोनं

“सोनं?” राहीबाईने डॉक्टर यामिनीचा हात असा झटकला की टेबलावरचा ट्रे खणखणला. “मना नको तुमचा सोना.”

“आजी, दागिना नाही हो. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक कण. गालातल्या गाठीत टोचायचे, मग रेडिएशनचा शेक द्यायचा. गाठ जास्त भाजेल, आजूबाजूचं वाचेल, असा अंदाज आहे. प्रयोग आहे, खात्री देत नाही. पण नुसत्या शेकाने ही गाठ जाईल असं वाटत नाही.”

राहीबाई उठली ती थेट गाडीत जाऊन बसली. मुंबईपासून आपल्या गावापर्यंत, राहनाळपर्यंत, पोटच्या पोराशी, दीपेशशी, एक शब्द नाही. घरी मात्र तोंडाचा पट्टा सुटला. कॅन्सरने जबडा धड उघडत नव्हता, पण शिव्यांना तेवढी फट पुरत होती.

“मेल्यावर पोरगा तोंडात सोना घालतो. तुझ्या बापाच्या तोंडात तूच घातलास ना? आता माझी घाई झाली?”

“आये, औषध हाय त्यो.”

“शेतात गोदाम बांधलास तवा पन असाच गोड बोललास.”

धाकटी जाऊ गोदू खास ऐकायलाच आली होती. “ताईचा बरोबर हाय. जित्या तोंडात सोना गेला का मानूस उठत न्हाय.”

“काकी, तुमचा काय जातंय? मरल ती माझी आय.”

तिच्या मरणाचा शब्द त्या घरात इतके दिवस तिच्याशिवाय कोणी काढला नव्हता. गोदू चपला शोधत निघून गेली. दीपेशने ताट सरकवलं. राहीबाईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

सकाळी कोणी न सांगताच ती लुगडं नेसून दीपेशच्या इंडिकात बसली.

हॉस्पिटलात सुई तयार झाली. दीपेशने आईच्या मानेखाली हात घातला, अगदी बापाच्या तोंडात सोनं ठेवताना घातला होता तसाच. राहीबाईने तो ओळखला.

“याला भायेर काढा.”

“मुलगा जवळ असला तर धीर येईल, आजी.”

“न्हाय. पोरग्याच्या हातचा सोना मेल्यावर. आता त्याचा हितं काय काम न्हाय.”

दीपेशचा चेहरा पडला. तो बाहेर गेला. दार लागलं.

डॉक्टर जबडा धरायला पुढे झाली, तशी राहीबाईने तिचा हात बाजूला सारला. दोन्ही अंगठे दातांखाली रोवून, डोळ्यांतून पाणी गळत असताना, ती आपलं तोंड आपणच उघडू लागली.