दोन पट्ट्या, एक लय

पडदा काळा.

दिंडोशीच्या कॉलनीत, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, अक्षता उघड्या कॉम्प्युटरपुढे मांडी घालून बसली होती. आतले पंखे गरगर फिरत होते, म्हणजे वीज पोचत होती. पण मदरबोर्डच्या कडेला एक पिवळा दिवा लागून राहिला होता, आणि तो दिवा लागला की समजायचं, मेमरीत गडबड आहे.

बाहेरच्या खोलीत मंडळाची तालीम चाललेली. पखवाज, झांजा, पेटी. भिंत धडधडत होती.

संध्याकाळी कॉलनीच्या हॉलात डबलबारी. दोन बुवा आपापलं मंडळ घेऊन समोरासमोर बसणार, एकाने भजनातून टोला हाणायचा, दुसऱ्याने भजनातूनच परतवायचा. एका बाजूचे बुवा गुणाजी, अक्षताचे बाबा. यंदा ही बारी थेट गावी दिसणार होती. वाडीतल्या देवळात पडदा बांधून झाला होता, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी जागासुद्धा धरल्या होत्या. इथे तीन कॅमेरे, एक कॉम्प्युटर, आणि तो चालवणार अक्षता. पखवाज वाजवणारा तिचा चुलतभाऊ सिद्धेश मंडळाच्या बैठकीत म्हणाला होता, बाहेरचा माणूस बोलवू, त्याच्याकडे सगळं रेडी असतं. गुणाजी बुवांनी मांडीवर थाप मारली होती.

"भायरचो माणूस कित्याक होयो? माझा चेडू करतला."

चेडू म्हणजे पोरगी. बापाने पोरीच्या जिवावर शब्द देऊन टाकला, आणि नेमका त्याच आठवड्यात पोरीचा मदरबोर्ड जळला.

तर नवा मदरबोर्ड तिने स्वतः निवडला, स्वतः बसवला. एकेक स्क्रू, एकेक वायर. जुन्या कॉम्प्युटरमधल्या रॅमच्या दोन पट्ट्या नव्यात जातील ना, खाच तीच आहे ना, हे आधी बघून घेतलं. जात होत्या. खट्कन बसल्या. आई, म्हणजे सुलक्षणाबाई, पाट घेऊन आली. घरात नवी वस्तू आली की हळदकुंकू लागल्याशिवाय ती चालू करायची नाही. अक्षता "आई, हळू, आत नको पडायला" म्हणेपर्यंत बोट टेकलंसुद्धा.

मग

पडदा काळा.

मधे मात्र एकदा उजळला होता. दोनांतली नवी, म्हणजे मागाहून घेतलेली, वेगवान पट्टी एकटी लावली तेव्हा. अक्षता इतकी खूश झाली की लगेच सेटिंगमध्ये गेली आणि मेमरीचा फास्ट मोड चालू करून आली. नवा बोर्ड आहे, पळू दे की! पळाला. मग जुनी पट्टी जोडीला लावली. काळा. जुनी एकटी लावली. काळा. नवी एकटी, चालू. पण एका पट्टीवर तीन कॅमेरे घेतले की चित्र अडकायचं, बुवांचं तोंड उघडं ते उघडंच.

तालीम थांबली. दारात सिद्धेश, त्याच्यामागे आई.

"काय गं, झालं का?" सिद्धेशने विचारलं.

"बघतेय."

"सकाळपासून बघतेयस. जुनी पट्टी उडालीय ती, सरळ आहे. फेकून दे यार."

"जुन्या बोर्डवर झकास चालत होती."

"तेव्हा तिला कुंकू नव्हतं लावलं," सिद्धेश हसला. "काकू, तुम्ही पण ना! आतमध्ये वाट लागली बिचारीची."

आईचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे झालं गं?"

"नाही गं आई. मी पुसून बघितलंय, खोडरबराने घासलंय. तुझं कुंकू कडेला आहे, आत नाही." मग सिद्धेशला, "तू पखवाज बघ रे तुझा. शाई सुटलीय त्याची, इथपर्यंत ऐकू येतंय."

"माझा पखवाज वाजतोय तरी. मी त्या माणसाला फोन करतो. उगाच काकांची इज्जत नको जायला."

बाबा मागून आले. त्यांनी जुनी पट्टी उचलून उजेडात धरली, उलटीसुलटी केली.

"कुठल्या पट्टीतली गो ही? काळी चार?"

"बाबा, ती गाण्याची पट्टी नाही!"

"माका काय म्हायत. वाजता काय नाय ताच सांग."

"वाजेल," अक्षता म्हणाली. म्हणून बसली, खरं तर. बाबांनी पट्टी तिच्या हातात दिली आणि दुसरा प्रश्न न विचारता ते तालमीला गेले. याचंच तिला जास्त ओझं झालं.

(तालीम. भिंतीतून.)

गजर चढत चाललेला. सिद्धेशचा पखवाज धावतोय. मधुकरकाकांची झांज मागे पडतेय, पुन्हा गाठतेय, पुन्हा मागे. मग सगळंच विस्कटलं, पेटी थांबली.

"काका, तुम्ही आज राहू द्या," सिद्धेशचा आवाज. "दुसरा कोण तरी घेईल झांज."

आणि बाबांचा, त्याच्यावर.

"मधुकर मागे पडता म्हणान तेका उठवूक नको. तू खाली ये. सगळ्यांनी लय खाली घेवा."

पुन्हा सुरू झालं. खालच्या लयीत. मधुकरकाकांची झांज आता अशी पडत होती की

अक्षता उठून उभी राहिली.

जुनी पट्टी मेलेली नव्हतीच. फास्ट मोड लावून तिला नव्या पट्टीच्या वेगाने पळायला सांगितलं होतं, आणि ती त्या वेगासाठी बनलेलीच नव्हती. जुन्या बोर्डवर दोघी जुनीच्या चालीने चालायच्या, म्हणून कधी कळलं नाही. सांगणारी कोण? ती स्वतः. कुंकवाने काही केलं नव्हतं, केलं होतं तिच्या हौसेने.

नवी पट्टी एकटी लावून ती सेटिंगमध्ये शिरली. फास्ट मोड बंद. वेग हाताने खाली, जुनीला झेपेल तेवढा. सेव्ह. मशीन बंद, वायर काढली. दोन्ही पट्ट्या मधे एक स्लॉट मोकळा सोडून बसवल्या, बोर्डच्या पुस्तकात दाखवल्या तशा. बटण.

पडदा काळा.

पिवळा दिवा.

काळाच. कॉम्प्युटर आपणहून बंद झाला, आपणहून पुन्हा सुरू झाला. सिद्धेश फोन हातात घेऊन आत आला. "बघ, आता तर स्वतःच बंद पडायला लागला. थांब, मेन स्विच—"

"हात लावू नकोस!"

आवाज एवढा मोठा की बाहेर झांजा थांबल्या.

"दोघींचं जुळवून बघतोय तो. पहिल्यांदा वेळ लागतो. सकाळी मीच घाई करून बंद केला होता. हात लावायचा नाही म्हणजे नाही."

"किती वेळ?"

"लागेल तेवढा."

सिद्धेशने हात मागे घेतला. दारात गर्दी झाली, बाबा, आई, मधुकरकाका, मंडळातली सगळी. झांजा छातीशी धरलेल्या. डबलबारीवाल्यांच्या घरात अशी शांतता बहुतेक पहिल्यांदाच.

दिवा विझला.

पडदा निळा, मग उजळ. अक्षताने मेमरीचा आकडा पाहिला. दोन्ही पट्ट्यांचा, पूर्ण. तीन कॅमेरे जोडले. एका चौकटीत दारातली गर्दी, एकीत आईचे डोळे पुसणारे हात, एकीत सिद्धेश, फोन खिशात घालताना. तिन्ही चौकटी झरझर हलत होत्या, कुठे अडकत नव्हत्या.

"मानलं गं," सिद्धेश म्हणाला.

तिने मान हलवली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. आलं ते हसू, कानापर्यंत.

हॉल भरला. पहिली बारी गुणाजी बुवांची. त्यांनी पेटीवर बोटं ठेवली, पखवाज तयार, झांजा वर. आणि बुवा थांबले. समोरच्या बुवांनी संधी सोडली नाही.

"काय बुवा, सुरुवात इसारल्यात काय?"

हॉल हसला. गुणाजी बुवांनी माइक जवळ ओढला आणि मान वळवून कोपऱ्यात बघितलं, जिथे अक्षता पडद्यामागे अर्धी दिसत होती.

"आमच्या मंडळात आता कॉम्प्युटरवाल्या बाईंनी हो म्हटल्याबिगर सूर लागणा नाय," ते म्हणाले. "काय गो बाय, गाव दिसता?"

गाव दिसत होतं. तिकडून कुणीतरी देवळातला फोटो पाठवला होता, चटईवर दाटीवाटीने बसलेली माणसं आणि त्यांच्या पुढ्यात, पडद्यावर, पेटीवर बोटं ठेवून थांबलेले तिचे बाबा.

अक्षताने हात वर केला.