धुराड्याचे राहिलेले वीस हात

मी एक जुने धुराडे आहे, मित्रांनो. गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये १९४९ साली बकाराम गवंड्याने मला बांधले. नवे धान येण्याआधी मिल चालू व्हावी, अशी शेठ श्यामलाल यांना घाई होती. माझे काम मध्येच थांबले.

बकाराम म्हणाला, "शेठ, आनखी वीस हात चढवा लागते. नाही त धूर मोहल्ल्यातच उतरन."

"पुढच्या साली पाहू," शेठ म्हणाले.

ते साल आलेच नाही. उरलेल्या विटा आवारात पडून राहिल्या. भट्टीत भुसा जळे आणि मी काळा धूर ओकत असे. जवळच्या नागरा गावाहून बैलबंडीने धान आणणारे शेतकरी दुरूनच म्हणत, "धूर दिसून राहिला, मिल चालू आहे." मला अभिमान वाटे. आज त्याची लाज वाटते.

बकारामची बायको तुलसा माझ्या पायथ्याशी उकडलेले धान वाळत घाली. हिवाळ्याच्या सकाळी धूर वर जातच नसे, तिच्याभोवती साचून राही. आधी तिला खोकला लागला. मग टोपली उचलतानाही श्वास पुरेना. दवाखान्यात सांगितले, क्षय नाही, धुराने छाती बिघडली आहे, ती जागा सोडा. पण दोघांचे पोट त्याच जागेवर होते.

बकाराम शेठकडे गेला. "बाई खोकून राहिली, शेठ. धुराडा चढवू द्या."

"धुरानं कोणी मरते का? बिडी तं तूही पितेस."

"मी पितो. बाई नाही पीत."

शेठनी मान फिरवली.

शेवटी तुलसाला आडवे पडता येत नव्हते. भिंतीला टेकून बसल्या बसल्याच ती १९५६च्या पौषात गेली.

दोन वर्षांनी शेठनी मिलमागे बंगला बांधला. पहिल्याच हिवाळ्यात त्यांची नात खोकू लागली. लगेच मला उंच करायला बकारामला बोलावणे आले.

"तू कायले चढतेस?" सोबतच्या मंगरूने विचारले. "नाही म्हण."

"पोरीनं काय केलं?" बकाराम म्हणाला आणि त्याच पडलेल्या विटा घेऊन वर चढला. पंधरा दिवसांत वीस हात पुरे झाले. शेठनी शाबासकी दिली. तो हत्यारे उचलून घरी गेला.

आता लोक माझ्या उंचीचे कौतुक करतात. मला ते ऐकवत नाही. मित्रांनो, धुराने कोणी खोकत असेल, तर उपाय तेव्हाच करा. खोकणारे माणूस कोणाच्या घरचे आहे, हे आधी विचारू नका.