शिल्पकॅमची कॉपी

इच्छापोरच्या कारखान्यात रविवारी सॉफ्टवेअर पसंत करायचं ठरलं आणि चंद्रकांत शनिवारपासूनच माहितीपत्रकं पाठ करायला बसले.

कारखाना बन्सीलाल पाटलांचा. पलसाण्याच्या रंगाईच्या मिलांना लागणारे रोलर आणि गिअर तिथे बनत. आता नवं मशीन आलं होतं. आराखडा कॉम्प्युटरवर काढायचा आणि धातू कुठून कसा कापायचा हे मशीनला सॉफ्टवेअरनं सांगायचं. तशी दोन सॉफ्टवेअर समोर होती, वज्रकट आणि शिल्पकॅम. चंद्रकांतांची मुलगी शर्वरी शिल्पकॅम शिकली होती. ते घेतलं तर नोकरी तिची, वज्रकट घेतलं तर दुसऱ्या कुणाची. आणि तिला शिल्पकॅमच्या क्लासला घातलं होतं चंद्रकांतांनीच. बँकेतून निवृत्त झाल्यावर चार मासिकं वाचून त्यांनी ठाम मत बनवलं होतं. आयुष्यातलं बहुधा पहिलंच.

शिकलेला माणूस म्हणून बन्सीलालनं त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं. आपल्या मुलीची बाजू घेतली असं वाटू नये, म्हणून त्यांनी आधी वज्रकटचे गुण सांगितले. मग शिल्पकॅमचे दोष. शिल्पकॅमच्या गुणांपर्यंत ते पोहोचणार, तेवढ्यात चहा आला.

बन्सीलालचा मेहुणा योगराज याचं रिंगरोडला साड्यांचं दुकान. त्यानं शिल्पकॅमचं माहितीपत्रक उचललं आणि पदर तपासावा तसा त्याचा कोपरा बोटांत चोळून पाहिला.

"साहेब, गुणबिण राहू द्या. चालतंय काय, ते सांगा."

"बाजाराचा कल तसा संमिश्र..."

"कल नाही हो! आमच्यात नवं डिझाइन दुकानात लागलं आणि आठवड्यात त्याची कॉपी निघाली, तर तो माल चालू. नाही निघाली तर पडला. चोरालाही नको असलेला माल दाजींनी का घ्यावा?"

"खरं शे भाऊ," बन्सीलाल म्हणाला. "वज्रकटची कॉपी निघाली?"

"गल्लोगल्ली! पेनड्राइव्हमध्ये घालून देतात."

"आणि शिल्पकॅमची?"

"कुत्रं विचारत नाही."

शेजारी बसलेल्या शर्वरीला राहवेना. "काका, शिल्पकॅमचं कुलूप तोडता येत नाही, म्हणून कॉपी नाही. चांगलंच आहे की ते."

"बेटा," योगराज समजावणीच्या सुरात म्हणाला, "जे कुलूप तुटतच नाही, ते गिऱ्हाइकाच्या काय कामाचं?"

बन्सीलालनं मान डोलावली. त्याचा हात वज्रकटच्या माहितीपत्रकाकडे गेला. शर्वरीनं बापाकडे पाहिलं.

"निघाली आहे," कुणीतरी म्हणालं. तो आपलाच आवाज आहे, हे चंद्रकांतांना जरा उशिरा कळलं. "शिल्पकॅमची कॉपी निघाली आहे. मी... पाहिली आहे."

योगराज खुर्ची ओढून पुढे आला. "अरे, मग हे आधी नाही का सांगायचं! कधीपासून गुण सांगताय!"

"ठरलं तर," बन्सीलाल म्हणाला. "शिल्पकॅमच. साहेब, ती कॉपी तेवढी तुम्हीच आणून द्या. शर्वरी, उद्यापासून ये."

बँकेतली टाचणीसुद्धा कधी घरी न आणलेले चंद्रकांत दुसऱ्या दिवशी चोर शोधायला निघाले. कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. पोरं हसली. शिल्पकॅमची कॉपी खरोखरच कुणाकडे नव्हती. शेवटी मुदतठेव मोडून त्यांनी कंपनीकडून रीतसर, पावतीसह शिल्पकॅम घेतलं, एका जुन्या पेनड्राइव्हमध्ये भरलं आणि चोरीचा माल द्यावा तसं रुमालात गुंडाळून शर्वरीच्या हातात ठेवलं.

ते सुरू झालं, तेव्हा बन्सीलाल आणि योगराज तिच्या मागेच उभे होते. पडद्याच्या कोपऱ्यात मालक म्हणून चंद्रकांतांचं पूर्ण नाव उमटलं. शर्वरीनं ते वाचलं. पटकन तिनं गिअरचं चित्र ओढून त्या नावावर आणून ठेवलं.

मशीन फिरलं. गिअर असा साफ निघाला, की बन्सीलालनं तो गालाला लावून पाहिला.

"कॉपी असून बघा, अगदी ओरिजिनलसारखी चालते!"

"साहेब, तुमचा चोर भारी प्रामाणिक हो," योगराज म्हणाला. "शेजारच्या शेडवाल्यांनाही हव्यात. अजून चार मिळतील?"

"नाही," चंद्रकांत घाईघाईनं म्हणाले. "त्यानं धंदा सोडला. परवडेना त्याला."