सिग्लारचा मानकरी

विदोसावाने चष्मा पुसला, पुन्हा नाकावर चढवला आणि बसथांब्याच्या खांबावर चिकटवलेला कागद दुसऱ्यांदा वाचला. काळी चौकट, वर क्रूस, खाली तिच्या नवऱ्याचं नाव. वेलिझारला जाऊन सहा महिने होत आहेत, स्मरणविधी एकवीस नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता, सिग्लार फुटबॉल क्लबच्या खोलीत. मजकूर सगळा बरोबर होता. फोटो मात्र एकट्या वेलिझारचा नव्हता. चौकटीत पट्ट्यापट्ट्यांच्या जर्सीतले अकरा खेळाडू ऐटीत उभे होते, आणि वेलिझार कडेला, खांद्यावर चेंडूंची पिशवी घेऊन.

मयताचे कागद छापणारा झार्को धापा टाकत आला. चार मुलांचा बाप, पण चेहरा शाळेत मार खाल्ल्यासारखा. फोटोतून एकट्याला कापून घ्यायचं राहून गेलं म्हणाला. चाळीस कागद लागून गेले होते, त्यातले दहा पुलापलीकडे ब्रोदिश्तेत. आणि त्या अकरांपैकी सात जण अजून चांगले हिंडतेफिरते होते. दुपारपर्यंत सगळे कागद उतरवतो, असं तो छातीवर हात ठेवून सांगत होता.

विदोसावाने कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून बसवला. मग म्हणाली,

"राहू दे. असा कागद माणसाने काढू नये. वाऱ्याने जाईल तेव्हा जाईल."

झार्को बघतच राहिला. पण बाई वेडी नव्हती. तिला पोचवायचा होता एक निरोप, आणि तो तोंडाने देता येत नव्हता.

ते असं. एकवीस नोव्हेंबर म्हणजे सिग्लारच्या संताचा दिवस, त्याची स्लावा. क्लब बंद पडला तरी संत काही बंद पडत नाही. त्या दिवशी पाद्रीबाबा मानाचा पाव कापतात, आणि त्यातला अर्धा जो उचलेल तो पुढच्या वर्षीचा मानकरी, सगळ्यांना जेवू घालणं त्याच्याकडे. कुणीच उचलला नाही तर स्लावा तिथेच संपली. दोन हजार नऊ साली शेवटच्या सामन्याला सिग्लारची सहाच पोरं जमली. पंचाने पंधरा मिनिटं वाट पाहिली, शिट्टी खिशात घातली आणि निघून गेला. त्या वर्षीचा पाव वेलिझारने उचलला आणि पुढची पंधरा वर्षं तोच उचलत राहिला. येणारे दरवर्षी कमी होत गेले, कारण येणं म्हणजे पाव गळ्यात पडणं. गेल्या वर्षी खोलीत पाद्रीबाबा, हे दोघं आणि पाद्रीबाबांचा कुत्रा, एवढेच होते. आणि स्लावाला कुणी कुणाला बोलवत नाही. बोलावणं हा येणाऱ्याचा अपमान. यायचं त्याने आपणहून यावं.

मे महिन्यात दवाखान्यात वेलिझार तिला म्हणाला होता, "यंदा कुणी उचलला नाही, तर तू उचलू नकोस. पुरे झालं." ती हो म्हणाली होती, आणि तेव्हापासून तो होकार तिला टोचत होता.

वेलिझार काही खेळाडू नव्हता. तो सामान सांभाळायचा आणि ती जर्सी धुवायची, सलग बावीस वर्षं. कोण चिखलात लोळतो, कोण अंगाला माती लावून घेत नाही, कुणाची बाही कुठे उसवते, सगळं तिला पाठ. चौऱ्याहत्तर साली कपच्या सामन्यात राजधानीचा मोठा संघ इथे आला आणि एक गोल खाऊन परत गेला. वीटभट्टीच्या माणसांनी स्वतः भाजलेल्या विटांनी बांधलेल्या त्या मैदानावर, तीन हजारांच्या गावात, सात हजार माणसं लोटली होती. लोक भट्टीच्या धुराड्यावर चढून बसले होते. त्या रात्री जर्सी पिळताना बादलीत विटांच्या मातीचं लालभडक पाणी उतरलं, आणि ते मोरीत ओतायला तिचा हात होईना. तिने ते गुलाबाला घातलं. हे तिने वेलिझारलासुद्धा कधी सांगितलं नाही, हसला असता.

एकवीस तारखेला तिने पहाटे उठून पाव भाजला, कोबीच्या पानात भात-खिमा गुंडाळून मोठं पातेलं चुलीवर चढवलं. किती माणसांचं करायचं ते ठरेना, म्हणून तीस माणसांचं केलं. मग खोली उघडली, जाळी झाडली आणि दाराकडे पाठ करून पेले पुसत बसली. बघायची हिंमत होत नव्हती.

पहिला आला गोलरक्षक रातोमिर. काठी आपटत, तणतणत.

"वहिनी, आमच्या बायकोला सकाळपासून सांत्वनाचे फोन येतायत. एकाने तर माझी शिडी मागितली, आता मला लागणार नाही म्हणून."

मग कप्तान ग्वोझ्देन आला. मग दोब्रिवोये, चौऱ्याहत्तरच्या त्या सामन्यातला गोल मारणारा, आता पाय ओढत चालणारा. एक जण थेट नोव्ही सादहून गाडीने आला. साडेअकरापर्यंत सातच्या सात हजर. जिवंतपणी मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं, असं म्हणत त्यांनी राकिया दारूचे पेले भरले आणि एकमेकांची उणीदुणी सुरू झाली. कागदावरच बरा दिसत होतास, असं ग्वोझ्देनला तिघांनी तरी ऐकवलं. विदोसावा वाढत होती आणि मनात मोजत होती. सात. देवा, सात.

तेवढ्यात दार उघडलं आणि हॅट हातात घेतलेला एक उंच म्हातारा आत आला. त्याने कुणाकडेही पाहिलं नाही. खाली मान घालून तो सरळ कोपऱ्यातल्या मेणबत्त्यांच्या डब्याकडे गेला. त्यात वाळूचे दोन कप्पे होते, वरचा जिवंतांसाठी, खालचा मेलेल्यांसाठी. म्हातारा गुडघ्यांवर बसला आणि खालच्या कप्प्यात एकेक मेणबत्ती लावू लागला. प्रत्येकीबरोबर पुटपुटत होता.

"वेलिझार. रातोमिर, एक नंबर. ग्वोझ्देन, पाच नंबर..."

तो येव्रेम होता, पुलापलीकडच्या ब्रोदिश्तेच्या स्प्लावार संघाचा बचावपटू. शहात्तर साली दोब्रिवोयेचा पाय मोडला तो यानेच. त्या दिवसापासून दोब्रिवोयेने पुलावर पाऊल ठेवलेलं नव्हतं.

"दोब्रिवोये, नऊ नंबर," येव्रेम म्हणाला आणि ही एक मेणबत्ती लावायला त्याला तीन काड्या लागल्या. बाराही मेणबत्त्या लागल्या, तेव्हा रातोमिर खाकरला.

"येव्रेम, मला तिथून वर काढ रे. गरम होतंय."

म्हातारा वळला. एकेकाकडे पाहत गेला. त्याचा चेहरा असा काही झाला की हसायला तोंड उघडलेल्यांनीही ते मिटलं. मग तो पुन्हा खाली वाकला, एकेक जळती मेणबत्ती वाळूतून उपसली आणि वरच्या कप्प्यात रोवली. सात. नाव आणि नंबर घेऊन, एकही न चुकता. विदोसावाच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. हे नंबर असे पाठ असणारं जगात आपण एकटंच माणूस उरलोय, असं ती समजून चालली होती. शत्रूनेही ते जपले होते.

पाद्रीबाबांनी पाव वाइन शिंपडून कापला. प्रार्थना झाली. अर्धा पाव त्यांनी पुढे धरला आणि सात जण आपापले बूट बघायला लागले. एकाला साखर होती, एक मुलीकडे राहायचा, ग्वोझ्देनला पुढच्या वर्षाची खात्री नव्हती. पाद्रीबाबांचा हात दुखायला लागला असावा. विदोसावाने एप्रनला हात पुसले, आणि वेलिझारला दिलेला शब्द आठवून ते तसेच धरून ठेवले.

"आमच्या क्लबाला आता खोलीसुद्धा उरलेली नाही," येव्रेम म्हणाला. "पण माझं घर मोठं आहे. चालणार असेल तर मी उचलतो."

सिग्लारचा पाव, ब्रोदिश्तेत! पूर्वी तिथल्या सामन्याला पोलिसांची गाडी पुढेमागे लागायची. पाद्रीबाबांनी विदोसावाकडे पाहिलं, विदोसावाने दोब्रिवोयेकडे. दोब्रिवोये आपला मोडलेला पाय चोळत राहिला. तेव्हा तिनेच पाव घेतला, स्वच्छ फडक्यात गुंडाळला आणि येव्रेमच्या हातात ठेवला. मग एक खुर्ची ओढून ती बसली. मानकऱ्याच्या घरचं कुणी त्या दिवशी बसत नाही, पण आता मानकऱ्याचं घर तिचं नव्हतं.

येव्रेम पाव छातीशी धरून दारापर्यंत गेला, तेव्हा दोब्रिवोये बोलला.

"ब्रोदिश्तेची सकाळची बस किती वाजता सुटते?"

येव्रेम थबकला. "दोब्रिवोये, स्लावाला बोलवता येत नाही रे मला."

"तुला बोलव कोण म्हणतंय? बस किती वाजता, ते सांग."