सलूनमधला इन्क्युबेटर

मित्रांनो, केस कापायला आलात की आरशाशेजारी जे पांढरे, जाड दाराचे कपाट दिसते ना, तोच मी. टॉवेल गरम ठेवण्याचे कपाट म्हणून तुम्ही मला ओळखता आणि त्यात काही खोटे नाही. पण मुळात मी एक जुना इन्क्युबेटर आहे. माझ्या पोटात एकेकाळी जिवंत पेशी वाढायच्या.

माणसाच्या अंगात असते तेवढीच ऊब धरून ठेवायची, एवढेच मला येते, पण ते मी चोख करतो. कारखान्यातून निघालो तो थेट एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लागलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी पाठीवर थाप मारून "गुणी आहे हो," म्हटले, तेव्हा मी हुरळून गेलो होतो.

बाईंचे काम अवघड होते. काही विषाणू शरीरात शिरले की घरजावयासारखे ठाण मांडून बसतात. त्यांच्याशी लढून लढून रक्तातल्या पांढऱ्या पेशी थकतात आणि हात टेकतात. बाई रुग्णाच्या रक्तातून त्या पेशी काढून घेत, त्यांना विषाणूची नव्याने ओळख करून देत, माझ्या उबेत वाढवत आणि त्याच रुग्णाला परत देत. उपचार नवा होता, प्रयोगच म्हणा. गुण येईलच, असे त्या कुणालाही सांगत नसत.

त्यांच्याकडे हे आपले सलूनवाले काका आले. त्यांच्या यकृतात असाच एक चिवट विषाणू होता. तो रक्तातून पसरतो हे कळल्यापासून त्यांनी वस्तऱ्याला हात लावला नव्हता. चुकून स्वतःचे बोट कापले आणि गिऱ्हाइकाच्या गालावर ओरखडा असला तर, ही धास्ती. दुकान मेहुण्याकडे सोपवून ते नुसते बसून असत.

"हात शिवशिवतात हो बाई," ते म्हणाले.

त्यांच्या पेशी माझ्याकडे आल्या, पण काही केल्या वाढेनात. बाईंच्या हाताखालचा चष्मेवाला म्हणाला, "हा म्हातारा झालाय. ऊब धरत नाही. भंगारात काढू या." मला फार लागले. खरे कारण मला माहीत होते, पण बोलायची सोय नव्हती.

शेवटी बाईंनीच विचारले, "दार कोण कोण उघडतं?"

"मी सकाळी एकदाच. वाढल्या का बघायला," चष्मेवाला म्हणाला.

"मीपण एकदाच, दुपारी," नर्सताई म्हणाल्या.

"आणि मी येता-जाता," बाई म्हणाल्या.

सगळ्यांचा जीव त्या पेशींत अडकला होता, म्हणून सगळेच डोकावत होते. दर वेळी माझी ऊब निघून जात होती.

काकांकडे पुन्हा रक्त मागायला बाईंना तोंड नव्हते. काकांनी मात्र बाही वर केली. "घ्या की. पण या खेपेला त्यांना जरा निवांत राहू द्या."

बाईंनी दाराला चिकटपट्टी लावली. पेशींचे खाद्य बदलण्यापुरते त्या एकट्याच उघडत आणि दार तळहाताने दाबून बंद करत. बाकी दोघे हात पाठीमागे बांधून माझ्यापुढे येरझाऱ्या घालत. पेशी वाढल्या. इतके समाधान मला पुन्हा कधी मिळाले नाही.

त्या पेशी परत दिल्यावर काकांना ताप भरला, हुडहुडी भरली. मग तपासणीमागून तपासणीत विषाणू कमी होत गेला आणि शेवटी सापडेनासा झाला. सगळ्यांना असा गुण आला नाही. काकांनाही बाई बजावतात, "सध्या सापडत नाही, एवढंच. तपासणी चुकवायची नाही." वस्तरा पुन्हा हाती घेतला, तेव्हा पहिली दाढी चष्मेवाल्याची झाली. त्यानेच हट्ट धरला होता.

पुढे नवे यंत्र आले आणि मी जिन्याखाली धूळ खात पडलो. तपासणीला आलेल्या काकांनी मला ओळखले आणि मागून घेतले. बाईंनी मला आतून-बाहेरून निर्जंतुक करून त्यांच्या हवाली केले.

आता मी मजेत आहे. फक्त तुम्ही मुले उगाच दार उघडून आत हात घालता, तेवढे सोडा. ज्याला वाढायला वेळ लागतो, त्याच्यावर जीव जरूर लावा, पण सारखे डोकावू नका.

परवा दाढीला बसलेल्या एकाने विचारले, "हे डबडं कुठून आणलंत?"

काकांचा वस्तरा त्याच्या गळ्यापाशी होता आणि हात अगदी स्थिर होता. "डबडं नका म्हणू. मी याच्या पोटात राहून आलोय," ते म्हणाले. मग त्यांनी गरम टॉवेल काढून घेतला आणि माझे दार तळहाताने हलकेच दाबून बंद केले.