किल्ली जरा उचलून

आमच्या कारखान्याच्या कुलपात किल्ली सरळ फिरत नसे. आत घालायची, जरा वर उचलायची आणि मग फिरवायची. देशात घरोघरी आमचंच कुलूप, त्यामुळे शाळकरी पोरंही किल्ली उचलूनच फिरवत. ही खोड आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. कुलूप म्हटलं की ते असंच असायचं, असं सगळे धरून चालले होते.

खोड साच्यात होती. किल्लीचं भोक सुतभर खाली पडत होतं. माझा दादा तिथला सगळ्यात जुना फिटर. पंधरा वर्षांपूर्वी त्यानं कानस घासून घासून एक कुलूप हातानं नीट केलं, मालकांपुढे ठेवलं आणि नवा साचा करू या म्हणाला.

मालक म्हणाले, "माल उठतोय ना? मग कशाला नसती उठाठेव?"

माल उठणारच होता. बाहेरच्या देशांतल्या कुलपांवर सरकारनं इतकी जकात बसवली होती की ती घ्यायची कुणाची छाती नव्हती. धंदा बाळसं धरेपर्यंत जकात, असं ठरलं होतं. बाळ बावीस वर्षांचं झालं, त्याला मिसरूड फुटलं, तरी कडेवरून उतरायचं नाव काढेना.

दादानं ते कुलूप घरी आणलं आणि आमच्या दाराला लावलं. घरात आम्ही दोघंच. मी त्याच कारखान्यात पॅकिंगला होते. प्रत्येक कुलूप उघडून पाहायचं, दोन किल्ल्या दोऱ्यानं बांधायच्या, खोक्यात घालायचं. दिवसाला सहाशे. संध्याकाळी मनगट ठणकायचं. घरी आल्यावर किल्ली लोण्यातून फिरल्यासारखी फिरायची, तेवढंच काय ते माझं सुख.

मग जकात उठवायची टूम निघाली. मोठ्या देशांचा आग्रह होता म्हणे. युनियनचे सेक्रेटरी सभेत कडाडले, "यांनी स्वतःची दारं लावून स्वतःचे धंदे वाढवले, आणि आता आपल्याला सांगतात, दारं उघडी टाका." टाळ्या पडल्या. खोटं नव्हतंच ते. पण दार लावून आपण आत काय केलं, हे कुणी बोललं नाही. मीही नाही बोलले.

सरकारनं समिती नेमली. जकात आणखी पाच वर्षं ठेवायची की नाही, ते ती ठरवणार होती. जकात गेली की कारखाना गेला, हे आम्हा चारशे जणांना पक्कं ठाऊक होतं. नमुन्याचं कुलूप घेऊन समितीपुढे जायचं काम कामगारांनी दादावर सोपवलं.

त्या सकाळी दादा दाराशी घुटमळला. पिशवीतलं कारखान्याचं कुलूप एका हातात, दाराचं दुसऱ्या हातात.

"हे आपलं घेऊन जाऊ का गं?" तो म्हणाला. "आपल्याला जमतं, एवढं तरी दिसेल त्यांना. पाच वर्षं द्या, सगळी अशी करून दाखवतो म्हणेन. आजच्या दिवस दाराला ते कारखान्याचं लाव."

मी डबा भरत होते. उशीर झाला होता.

"काही नको," मी म्हणाले. "दिवसभर सहाशे किल्ल्या उचलायच्या आणि घरी येऊन पुन्हा तेच? एवढं एक धड आहे घरात, ते राहू दे जागेवर."

"बरं," दादा म्हणाला. त्यानं कधी माझा शब्द मोडला नाही.

पुढचं सेक्रेटरींनी सांगितलं. अध्यक्षांनी आधी बाहेरचं कुलूप उघडलं, ते चटकन उघडलं. मग आमचं हातात घेतलं. त्यांच्या घरचं कुलूप नोकरच उघडत असणार, किल्ली फिरेना. त्यांनी दुसरी किल्ली लावून पाहिली, घाम पुसला. दादाला राहवलं नाही. गिऱ्हाइकाला सांगावं तसं प्रेमानं म्हणाला, "साहेब, किल्ली जरा उचलून फिरवा."

सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत.

"बावीस वर्षांत एवढं एक सुधारता आलं नाही तुम्हाला?"

"सुधारलंय साहेब. एक आहे, घरी."

"घरी?" ते म्हणाले, आणि मग तेही हसले.

जकात गेली. आठ महिन्यांत कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात वजनावर गेली. दादा आता एका दुकानात बाहेरची कुलपं विकतो. गिऱ्हाइकं सवयीनं किल्ली उचलतात आणि ती पातळ किल्ली मोडते. दिवसभर तो एकच सांगत असतो, "उचलू नका, सरळ फिरवा." मी चार घरची भांडी घासते. बाकीचे कुठे कुठे पांगले, कळतही नाही.

सेक्रेटरी म्हणतात, समितीचं आधीच ठरलं होतं, दादानं काहीही नेलं असतं तरी हेच झालं असतं. असेलही. दादानं मला त्या सकाळबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, निदान रडता तरी आलं असतं.

दाराला अजून तेच कुलूप आहे. संध्याकाळी किल्ली घालते, ती मुकाट फिरते, आणि माझा जीव नकोसा होतो. लोकांनी कारखान्याचं कुलूप टाकलं म्हणून मी कुणाला बोल लावू? एका दिवसापुरतंसुद्धा ते मला माझ्या दाराला नको होतं.