पेल्यावरची रेघ

माणसाने कोणाचा हेवा करावा याला काही धरबंध असतो. शेजाऱ्याच्या घराचा करावा, मेहुण्याच्या पगाराचा करावा, फार तर एखाद्याच्या डोक्यावरच्या दाट केसांचा करावा. पुस्तकं बांधणारा बाइंडर मात्र गेले काही महिने एका किडनीवर जळत होता. ती किडनी त्याच्या स्वतःच्या बायकोच्या पोटात होती आणि ती लिफ्टवाल्याची होती.

त्याचं असं झालं. बाइंडरच्या बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसच्या खुर्चीत नेऊन बसवायचं, यंत्राने तिचं रक्त धुऊन काढायचं आणि पिळून टाकलेल्या कपड्यासारखी झालेली बायको घरी आणायची, असं तीन वर्षं चाललं. आपली किडनी द्यायला बाइंडर एका पायावर तयार होता, पण रक्तगट आडवा आला. त्याच दवाखान्यात लिफ्ट दुरुस्त करणारा एक गृहस्थ बायकोला घेऊन येत असे. तिची हीच गत आणि त्यांचेही रक्तगट जुळत नव्हते. डॉक्टरीणबाईंनी एका कागदावर चार गोल काढले आणि मधे फुली मारली. म्हणजे लिफ्टवाल्याची किडनी बाइंडरच्या बायकोला आणि बाइंडरची लिफ्टवाल्याच्या बायकोला. एकाच सकाळी चार टेबलांवर चौघं निजली, आणि चौघंही शुद्धीवर आली. आदल्या दिवशीपर्यंत यंत्राच्या नळीवर जगणाऱ्या दोन बायका आता आपल्या आपण जगणार होत्या. नुसता विचार केला तरी अंगावर काटा यावा अशी ही गोष्ट. बाइंडरच्याही अंगावर दोन दिवस काटा होता. तिसऱ्या दिवशी लिफ्टवाला पोटाला पट्टा बांधून, भिंतीला धरत धरत, त्यांच्या खोलीत आला.

"काय वहिनी, माझा माल कसा चाललाय?"

"धावतोय नुसता!" बायको म्हणाली.

"धावणारच. वॉरंटीसकट दिलाय. मधेच अडकला तर फोन करा, येऊन बटण दाबून जातो."

बायको हसली. टाके ओढतील म्हणून दोन्ही हातांनी पोट धरून हसली. शेजारच्या खाटेवर बाइंडर नुसता ओठांनी हसला. इतक्या वर्षांच्या संसारात आपण हिला पोट धरून कधी हसवलं, हे तो आठवू लागला. काही आठवेना. त्याच्याही टाक्यांत कळ आली.

घरी आल्यावर बायकोने त्या किडनीचं नाव 'पाहुणा' ठेवलं. "पाहुणा आज खुशीत आहे." "पाहुण्याला गार पाणी हवं." "हळू बोला हो, पाहुणा दचकेल." जगभरची पुस्तकं शिवून आणि पुठ्ठे चढवून बाइंडरला कमी बोलायची सवय लागली होती. आता तर तो बोलेनासाच झाला. त्यातून बायकोला लिंबाची चटक लागली. आधी आंबट बघूनही तिचे दात आंबायचे. आता लिंबाची फोड चोखत खिडकीशी उभी राहायची.

"लिफ्टवाले भाऊजी लिंबाशिवाय जेवत नाहीत म्हणे," ती एकदा सहज म्हणाली.

"किडनीला जीभ असते का?"

"असेलही. तुम्हाला काय माहीत, तुमची तर दुसरीकडे आहे."

"मूर्खपणा आहे नुसता."

"जळू नका हो."

"मी कशाला जळू?" असं म्हणून बाइंडरने सरस इतक्या जोरात फासला की पुठ्ठा वाकडा झाला.

खरं दुखणं लिंबाचं नव्हतं, पाण्याचं होतं. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. जास्तीचं पाणी बाहेर पडायला वाट नसते, ते फुप्फुसात साठतं आणि जीव घेतं. म्हणून त्या तीन वर्षांत बाइंडरने स्टीलचा एक छोटा पेला ठेवला होता आणि पुस्तकं टोचायच्या आरीने त्याच्या आत एक रेघ मारली होती. त्या वेळी हात थरथरत होता म्हणून रेघ वाकडी आली होती. रेघेपर्यंत पाणी, ठरल्या वेळी, एक थेंब जास्त नाही. तो समोर बसायचा, ती घोट घ्यायची, तो "हं" म्हणायचा, मग ती पुढचा घोट घ्यायची. उन्हाळ्यात ती चोऱ्या करायची. फुलदाणीतलं पाणी प्यायली होती, तोंड धुण्याच्या निमित्ताने नळाला तोंड लावलं होतं. बाइंडरने तिला पकडून तिच्या हातातून भांडं काढून घेतलं होतं, आणि तिने त्याला "कसाई" म्हटलं होतं. "माझं भलं होऊ दे, मग हा पेला आधी उकिरड्यावर फेकून द्या," असंही म्हटलं होतं. ते सगळं त्याने ऐकून घेतलं. कारण त्याच्या हाताखेरीज एक थेंब तिच्या पोटात जात नव्हता, आणि हे कोणाला सांगण्यासारखं नसलं तरी त्याला त्यात काहीतरी मिळत होतं.

आता ती तांब्याच तोंडाला लावायची. घटाघटा प्यायची, ओठ पुसायची आणि पोटावर थाप मारून म्हणायची, "घे बाबा." हा 'बाबा' म्हणजे लिफ्टवाला, हे बाइंडरला न सांगता कळायचं. छोटा पेला त्याने कपाटात मागे सरकवून ठेवला होता. फेकवत मात्र नव्हता.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण दवाखान्यात दोन्ही जोडप्यांची तपासणी एकाच दिवशी असायची. रक्तात क्रिएटिनिन म्हणून एक आकडा बघतात. तो जितका कमी, तितकी किडनी चोख. बाइंडरच्या बायकोचा आकडा दर खेपेला खाली यायचा आणि लिफ्टवाल्याच्या बायकोचा वर चढायचा. लिफ्टवाल्याची किडनी धावत होती आणि बाइंडरची धापा टाकत होती. शाळेपासून मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला पोटातल्या किडनीनेही खाली बघायला लावावं, याहून वाईट काय असणार?

"तुमची जरा मंद दिसते, बाइंडरसाहेब," लिफ्टवाला एकदा रांगेत म्हणाला. तो थट्टेतच बोलला, पण डोळे थट्टेतले नव्हते. काळजीने खोल गेले होते. "बसून काम करणाऱ्याची ना."

बाइंडरचे कान लाल झाले.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी लिफ्टवाल्याच्या बायकोला स्पष्टच सांगितलं. पुढच्या आठवड्यात आकडा उतरला नाही तर सुई घालून किडनीचा तुकडा काढून बघावा लागेल. शरीर ती किडनी नाकारत असेल तर भारी इंजेक्शनं, आणि त्यांनीही भागलं नाही तर पुन्हा ते यंत्र. ऐकून ती बाई पांढरी पडली. बाइंडरही पांढरा पडला. आपल्या शरीराचा एक भाग परक्या घरी नापास होऊन परत डायलिसिसच्या दारात उभा राहणार, आणि इकडे पाहुणा लिंबू खात मजेत राहणार!

लिफ्टवाला औषधं आणायला खाली गेला. बाइंडरची बायको रक्त द्यायला आत गेली. पॅसेजमधे बाकावर लिफ्टवाल्याची बायको एकटीच होती. ती पोहण्याच्या तलावावर तिकीट-खिडकीत बसायची. अबोल आणि नीटनेटकी. तिच्या मांडीवर नवऱ्याने भरून दिलेली भलीमोठी बाटली होती. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि बाटली शेजारच्या झाडाच्या कुंडीत हळूच उपडी केली.

खांबाआडून बाइंडरने ते पाहिलं. तो हात त्याने ओळखला. फुलदाणीकडे जाणारा त्याच्या बायकोचा हात हुबेहूब असाच चालायचा. ती पाणी चोरायची, आणि ही न पिणं चोरत होती.

पहिल्यांदा त्याला काय वाटलं असेल? आनंद! माझी किडनी मंद नाही, तिला पाणीच मिळत नाही! खाली औषधांच्या रांगेत जाऊन, सगळ्यांसमोर लिफ्टवाल्याला हे सांगावं, त्याचा तो वॉरंटीचा तोरा उतरवावा, असं त्याला इतकं वाटलं की पाय जिन्याकडे वळलेसुद्धा.

"भाऊजी, त्यांना नका सांगू," मागून आवाज आला.

तो थांबला.

"घरातली दोन झाडं कुजली," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पाच वर्षं पाण्याला घाबरून काढली हो. आता म्हणतात भरपूर पी. बाटली तोंडाशी नेली की छाती दडपते. वाटतं, आता बुडणार. ते रात्री रिकामी बाटली बघून इतके खूश होतात, की सांगवत नाही."

बाइंडर तिच्या पोटाकडे बघत राहिला. मग भान येऊन त्याने नजर वर केली.

"डॉक्टरीणबाईंना सांगा," तो म्हणाला. "आत्ता. त्या रागावणार नाहीत. लिफ्टवाल्यांना मी सांगत नाही."

हे शेवटचं वाक्य तोंडातून काढणं त्याला किती जड गेलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

तिने सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवडाभर नीट पाणी पिऊन बघा, मग सुईचं ठरवू. पण नीट कसं प्यायचं हे त्यांनाही सांगता येईना. ते बाइंडरला येत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी कपाटात मागे हात घालून त्याने छोटा पेला काढला आणि तलावाच्या तिकीट-खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"रेघेपर्यंतच," तो म्हणाला. "डायलिसिसवरच्या माणसाला चालतं तेवढंच. तेवढ्याने कोणी बुडत नाही."

तिने घोट घेतला. तो म्हणाला, "हं." तिने पुढचा घेतला. मागे पोरं धबाधब पाण्यात उड्या मारत होती. पेला संपल्यावर ती म्हणाली, "झालं?" बाइंडर म्हणाला, "आता पुन्हा रेघेपर्यंत." तो गेल्यावरही ती पेला भरत राहिली, आणि तो रोज दुपारी जात राहिला. घरी सांगायचा, पुठ्ठे आणायला चाललोय.

पुढच्या तपासणीला आकडा घसरला. चांगला घसरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता सुई नको. लिफ्टवाल्याने आनंदाने बाइंडरची पाठ इतक्या जोरात थोपटली की तो खोकला.

"पळाली, साहेब, तुमची पळाली!" आणि मग एकदम हात मागे घेऊन म्हणाला, "पण एक विचारायचं होतं. रोज दुपारी तुम्ही तलावावर असता म्हणे. पोहायला?"

"यांना पोहता येत नाही," बाइंडरची बायको म्हणाली, आणि तीही वळून नवऱ्याकडे बघू लागली.

मग लिफ्टवाल्याच्या बायकोने पिशवीतून छोटा पेला काढला आणि सगळं सांगितलं. कुंडी, कुजलेली झाडं, घोट, "हं".

"आणि माझ्या बाटलीला काय धाड भरली होती?" लिफ्टवाला म्हणाला.

"ती बघूनच धडकी भरायची हो मला."

लिफ्टवाल्याने पेल्याकडे पाहिलं, मग बाइंडरच्या हातांकडे. अशी नजर बाइंडरने दाढी करताना आरशात रोज पाहिली होती. या माणसाची दया यायला हवी होती. आली नाही. पोटात एखादं गोड पेय उतरावं तसं काहीतरी उतरलं, आणि त्याने ते सावकाश उतरू दिलं.

घरी पोचल्यावर बायको चपला काढताना म्हणाली, "तो पेला माझा आहे."

"तुला तर तो डोळ्यांसमोर नको होता. फेकून द्या म्हणायचीस."

"फेकून द्या म्हणायचे. दुसरीला द्या म्हटलं नव्हतं."

बाइंडर चपला कोपऱ्यात सारू लागला.

"खिडकीतून देता की आत जाऊन?"

"खिडकीतून."

"हातात?"

"मग कुठे देणार?"

"आणि 'हं' म्हणता?"

"सवय आहे."

"ती सवय मी लावली," बायको म्हणाली. तिने तांब्या भरला, टेबलावर ठेवला, आणि तोंडाला न लावता त्याच्यासमोर हाताची घडी घालून बसली.

"पी ना. पाहुणा तहानला असेल."

"राहू दे त्याला तहानलेला. माझा पेला आणा आधी."

"अगं, तिला अजून भीती जात नाही. महिनाभर तरी लागेल. माझी किडनी आहे ती, कशी सोडू?"

"मग तिला दुसरा द्या."

तिने मांडणीवरून दुसरा छोटा पेला काढून त्याच्यापुढे आपटला आणि आरीही आणून दिली. बाइंडर उजेडाकडे तोंड करून बसला. आता हात थरथरत नव्हता. आरी पेल्याच्या आत टेकवून तो रेघ ओढणार, तोच बायकोने त्याचं मनगट धरलं.

"वाकडी मारा," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा सरळ आलेली मला चालायची नाही."